मशीन लावायच्या आधीच सगळं सांगून टाक

या वेळचं पत्र अमेरिकेतून आलंय. नाव छापू नका म्हणालीये म्हणून छापत नाही, आणि पत्र थोडं लहान करून देतेय.

"मावशी, नमस्कार. मी सिएटलच्या जवळ राहते, वय २४, जन्म इथलाच, पण घरी मराठीच बोलतो आणि तुमचं सदर आई मला वाचायला लावते. मी क्रिमिनॉलॉजीत डिग्री केलीय आणि इथल्या एका शहराच्या पोलिस खात्यात ऑफिसरसाठी अप्लाय केलंय. लेखी झाली, फिजिकल झाली, ओरल बोर्ड म्हणजे तोंडी मुलाखतही छान झाली. आता तीन आठवड्यांनी पॉलीग्राफ, म्हणजे लाय डिटेक्टरची टेस्ट आहे आणि माझी झोप उडालीय. मी मुळातच घाबरट, डॉक्टरकडे बीपी घेतात तेव्हा सुद्धा माझं हार्ट धडधडतं. दुसरं म्हणजे कॉलेजात १९-२० वर्षांची असताना मैत्रिणींबरोबर वीड (गांजा) घेतलं होतं, सहा-सात वेळा असेल, पण पर्सनल हिस्टरी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःची मागची सगळी माहिती द्यायच्या फॉर्ममध्ये, मी 'दोनदा' लिहिलं, भीतीने लिहिलं. तिसरं, १७ वर्षांची असताना ओळखीच्या काकांच्या इंडियन ग्रोसरीत काम करायचे तेव्हा मैत्रिणी आल्या की एखाददुसरी वस्तू बिलात धरायचे नाही. हे घरी कुणालाच माहीत नाही. बाबा म्हणतात लाय डिटेक्टर आरोपींना लावतात, तू काय गुन्हा केलायस, आणि प्रायव्हेट कंपनीत हे बेकायदेशीर आहे मग पोलिसांना कसं चालतं. साताऱ्याचा मावसभाऊ पोलिस भरतीची तयारी करतोय, तो म्हणतो आम्हाला नुसतं पळायचं आणि पेपर द्यायचा. एका व्हिडिओत जीभ चावून मशीनला फसवायची ट्रिक दाखवलीय, ती शिकू का? आणि आईला सांगू का?"

बाळा, पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण तीन आठवडे म्हणजे फार दिवस नाहीत आणि यातलं एक काम तुला उद्याच करायचंय. ते आधी सांगते, बाकीचं मागाहून.

तुला जो बॅकग्राउंड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे तुझी मागची माहिती तपासणारा माणूस दिलाय त्याला उद्या सकाळी मेल कर. लांबलचक नको, रडगाणं नको. इतकंच लिही की माझ्या फॉर्ममध्ये मॅरुवानाच्या, म्हणजे वीडच्या, प्रश्नाला मी दोनदा लिहिलंय ते बरोबर नाही, खरा आकडा सहा-सात आहे, जास्तीत जास्त दहा धरा, शेवटचं साधारण अमुक महिन्यात, त्यानंतर नाही, आणि मी कमी लिहिलं कारण मला भीती वाटली, ही माझी चूक आहे आणि ती मला टेस्टच्या आधी दुरुस्त करायचीय. त्याच मेलमध्ये ग्रोसरीचंही लिही, किती महिने काम केलंस, अंदाजे किती डॉलरच्या वस्तू असतील. जास्तीत जास्त दहा असं वरचं टोक मी मुद्दाम द्यायला सांगतेय, कारण नंतर आठवत बसलीस आणि आठवी वेळ आठवली तर परत तोच घोळ नको.

हे केल्यावर ते तुला प्रोसेसमधून काढू शकतात का? हो, काढू शकतात, मी खोटा दिलासा देणार नाही. काही खात्यांत फॉर्ममधला फरक दिसला की फाइल बंद. पण तू स्वतःहून, कुणी विचारायच्या आधी, लेखी दुरुस्त केलंस आणि तू पॉलीग्राफच्या खुर्चीत बसल्यावर दोनचे सात झाले या दोन गोष्टी त्यांच्या नजरेत फार वेगळ्या असतात, आणि शेवटपर्यंत दोनच म्हणत राहिलीस तर ती तिसरीच गोष्ट, ती तर तू करूच नकोस.

का ते सांगते, कारण हे कळलं नाही तर तुला वाटेल की सगळा गोंधळ वीडचा आहे. वॉशिंग्टन राज्यात २०१२ साली मतदानाने ते २१ वर्षांवरच्यांना कायदेशीर झालं. १ जानेवारी २०२४ पासून तर नोकरी देताना आधीच्या गांजाच्या वापरावरून नाकारायचं नाही असाही कायदा आलाय, पण त्यातून पोलिस, फायर आणि बाकी फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे संकटात सगळ्यात आधी धावून जाणारे, यांना वगळलंय, म्हणजे तुझं खातं विचारू शकतं आणि विचारणारच. पण १९-२० व्या वर्षी सहा-सात वेळा, नंतर चार वर्षं काही नाही, असे उमेदवार त्यांच्याकडे ढिगाने येतात. एफबीआयने सुद्धा २०२१ मध्ये आपला नियम तीन वर्षांवरून एक वर्षावर आणला, म्हणजे अर्ज करण्याआधीचं एक वर्ष घेतलेलं नको आणि १८ च्या आधीचं तर त्यावरून अपात्र धरत नाहीत. तुझ्या खात्याची अट त्यांच्या साइटवर असेल, ती नीट वाच, किती वर्षं मागे बघतात ते तिथे लिहिलेलं असतं.

त्यांना खरी धास्ती खोटं बोलण्याची. १९६३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या केसमध्ये ठरवलं की आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी वकिलाने लपवायचा नाही. त्याचा पुढे अर्थ असा निघाला की एखादा पोलिस कधी खोटं बोललाय हे रेकॉर्डवर असेल तर ते बचाव पक्षाला सांगावं लागतं. मग तो ऑफिसर साक्षीला उभा राहिला की समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि ज्याची साक्ष टिकत नाही त्याने पकडलेला माणूसही सुटतो. तिथली माणसं याला ब्रेडी लिस्टच म्हणतात, आणि त्या यादीत नाव गेलं की करिअर जवळपास संपलंच. म्हणून ते तुझ्या फॉर्मकडे बघताना हिने काय केलं यापेक्षा ही दबावाखाली खरं लिहिते का हे बघतात. दोनदा हा आकडा त्यामुळे वीडपेक्षा जड आहे गं.

आता मशीन. मी स्वतः त्या खुर्चीत बसलेय, एकदा नाही, दोनदा. लग्नानंतर मीही अमेरिकेत आले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर ९११ च्या डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे तातडीचे फोन घेऊन पोलिस-अँब्युलन्स पाठवतात तिथे, अर्ज केला, आणि आमच्याकडे डिस्पॅचरलाही पॉलीग्राफ लागायची. नंतर १४ वर्षं ती नोकरी केली, रात्रीच्या पाळ्या केल्या, म्हणून ही माणसं मला आतून माहीत आहेत.

खोली लहान असते, खिडकी बहुतेक नसतेच. माझा एक्झॅमिनर साठीकडे झुकलेला, आधी डिटेक्टिव्ह असलेला शांत माणूस होता. डाव्या दंडाला पट्टा लावायचा म्हणून त्याने मला बांगड्या काढायला सांगितल्या आणि ठेवायला कागदी कप दिला, त्या कपात काचेच्या बांगड्या किणकिणल्या तो आवाज मला अजून आठवतो, आणि रिकाम्या मनगटाने बसायचं म्हणजे काहीतरी अशुभ अशी एक भीती उगाच मनात आली. छातीवर आणि पोटावर दोन नळ्या, त्या श्वास मोजतात. दोन बोटांना छोट्या पट्ट्या, त्या घामाने त्वचेत होणारा बदल टिपतात. दंडाचा पट्टा बीपीसारखाच, पण तो बराच वेळ फुगलेला राहतो आणि हाताला मुंग्या येतात, ते नॉर्मल आहे, घाबरू नकोस. खुर्चीत एक पॅड असतो जो हालचाल पकडतो.

पण हे सगळं लावण्याआधीच तास-दीड तास जातो आणि तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा. एक्झॅमिनर तुझा फॉर्म घेऊन बसतो, एकेक विषय काढतो, ड्रग्ज, चोरी, आधीच्या नोकऱ्या, मारामारी, न सांगितलेला एखादा गुन्हा, फॉर्ममध्ये काही लपवलंय का. मशीनवर जे प्रश्न येणार ते सगळे तो तुला आधी वाचून दाखवतो, अचानक असं काही नसतं. आणि इथे तू जे जे सांगतेस ते तो प्रश्नातून वजा करतो. म्हणजे तू ग्रोसरीच्या वस्तूंचं सांगितलंस तर नंतरचा प्रश्न असा होतो की आत्ता सांगितलंस ते सोडून नोकरीच्या ठिकाणाहून आणखी काही घेतलंयस का? मग तू नाही म्हणतेस आणि ते नाही खरं असतं. जे सांगितलं नाहीस ते मात्र प्रश्नाच्या आतच राहतं, आणि तू नाही म्हणताना ते तुला टोचत राहतं.

माझं पहिल्या वेळी हेच झालं. लग्नाआधी मी गावाकडे एका पतसंस्थेत दोन वर्षं कारकून होते आणि तिथले कार्बन पेपर आणि कोऱ्या कागदांचे गठ्ठे मी धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी घरी न्यायचे. एक्झॅमिनरने विचारलं, कधी कामाच्या जागेवरून काही नेलंय का, आणि मला वाटलं हा माणूस हजारो डॉलरचं विचारतोय, सात समुद्रापलीकडचे कार्बन पेपर काय सांगायचे, म्हणून गप्प बसले. मग पट्टे लागले, प्रश्न आला, मी नो म्हणाले आणि डोळ्यासमोर ते निळे कार्बन आले, बोटांना लागलेली शाई सुद्धा आली. तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा. निकाल काय तर इन्कन्क्लुसिव्ह, म्हणजे पासही नाही नापासही नाही. दोन आठवड्यांनी परत बोलावलं, या वेळी मी बसल्या बसल्या कार्बन पेपरचं सगळं सांगितलं, त्याने एका ओळीत लिहून घेतलं आणि पुढे गेला, त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला नोकरी लागली. म्हणून सांगतेय, किती क्षुल्लक आहे ते तू ठरवू नकोस, तू सांग, ते ठरवतील.

अजून एक, हे आपल्या लोकांना खास लागू आहे. यस किंवा नो एवढंच म्हणायचं आणि मान हलवायची नाही. आपली मान हो म्हणताना डोलते, नाही म्हणताना डोलते, आपल्याला कळत पण नाही. मला त्याने चार वेळा टोकलं. घरी आरशासमोर बसून पाय जमिनीला टेकवून, मान स्थिर ठेवून एका शब्दात उत्तर द्यायची सवय कर, याला ट्रिक म्हणत नाहीत, त्यांनीच सांगितलेली सूचना आहे. प्रश्न, उत्तर, मग वीस-पंचवीस सेकंद पूर्ण शांतता, मग पुढचा प्रश्न, आणि त्यात मधे मधे आज मंगळवार आहे का, लाइट चालू आहे का असलेही प्रश्न असतात. ती शांतता फार लांब वाटते. समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका धर आणि बस.

तू घाबरट आहेस म्हणून फेल होशील का? बघ, या मशीनला खोटं कळत नाही. त्याला श्वास, रक्तदाब आणि घाम कळतो, बस्स. म्हणून एक्झॅमिनर तुझी एका प्रश्नावरची धडधड तुझ्याच दुसऱ्या प्रश्नावरच्या धडधडीशी ताडून बघतो. तू पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच घाबरलेली असशील तर ती तुझी पातळी धरली जाते, त्यात वाईट काही नाही. पण चुका होतात, आणि ते लपवायचं कारण नाही. २००३ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने याचा मोठा अभ्यास करून रिपोर्ट काढला, त्यात एक हिशोब मांडलाय तो मला कधीच विसरता येत नाही. दहा हजार लोकांत दहा हेर आहेत असं धरा आणि टेस्ट इतकी कडक लावा की दहातले आठ सापडतील, तर त्या आठांबरोबर जवळजवळ १६०० निर्दोष माणसंही नापास होतात. आणि उलटंही होतं, सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स रशियाला गुपितं विकत होता, त्या काळात तो १९८६ ला आणि परत १९९१ ला पॉलीग्राफ पास झाला, पकडला गेला १९९४ ला.

मग असं असताना पोलिस ते का वापरतात, हा बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीला कुणाला असं खुर्चीत बसवता येणार नाही, १९८८ च्या कायद्याने बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांना बंदी आहे. पण त्याच कायद्यात सरकारी नोकऱ्यांना सूट आहे, केंद्र, राज्य, शहर सगळ्यांना. आणि तुमच्या राज्यात तर पोलिस ऑफिसर व्हायचं असेल तर सायकॉलॉजिकल तपासणी आणि पॉलीग्राफ किंवा तशीच एखादी चाचणी कायद्यानेच लागते, म्हणजे तुझ्या खात्याने तुझ्यावर संशय घेऊन हे काढलेलं नाही, तुझ्याबरोबर ओरल बोर्ड पास झालेल्या प्रत्येकाला हे आहे. आरोपीचं म्हणाल तर १९२१ साली बर्कलीच्या पोलिस खात्यात जॉन लार्सन नावाच्या पोलिसाने हे यंत्र जमवलं तेव्हा ते गुन्ह्याच्या तपासासाठीच होतं, आणि गंमत नाही, खरंच, पुढे त्या माणसाचाच या यंत्रावरचा विश्वास उडाला. अमेरिकेतली कोर्टं सुद्धा याचा निकाल पुरावा म्हणून सहसा घेत नाहीत, १९२३ पासूनचे निवाडे आहेत. भरतीत त्याचा उपयोग मुख्यतः एवढाच होतो की माणूस खुर्चीत बसायच्या आधी बोलतो.

आणि भारतात बाबांनी पेपरात जे वाचलंय ते सगळं आरोपींचंच, कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये नेलं, टेस्ट झाली, अशा बातम्या. तिकडे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नार्को, ब्रेन मॅपिंग, पॉलीग्राफ यातलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. म्हणून त्यांच्या मनात हा शब्द आला की हातकडीच येते, त्यात त्यांची चूक नाही. साताऱ्याच्या भावाचं बरोबर आहे, त्यांच्याकडे १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक मिळून ५० मार्क आणि लेखी १०० मार्क, आणि मग चारित्र्य पडताळणी. त्याला सांग की तुझ्याकडे पळणं कमी आणि पडताळणी जास्त आहे. त्या पोराचे कष्ट वेगळे आहेत, पहाटे चारला उठून ग्राउंडवर जाणारी ही मुलं मी पाहिलीत, त्याला कमी लेखू नकोस आणि त्याच्या बोलण्याने खचूही नकोस.

आता ती जिभेची ट्रिक. नको. नको म्हणजे नकोच. एक म्हणजे ती पकडतात, त्या खुर्चीतला पॅड आणि छातीवरच्या नळ्या यासाठीच असतात आणि तो माणूस दिवसाला असे दोन-तीन उमेदवार बघतो. पकडलं की सरळ बाहेर, आणि पुढे दुसऱ्या खात्यात अर्ज केलास की मागची पॉलीग्राफ कुठे दिलीस, काय झालं हे विचारतातच, तिथेही ते आडवं येणार. ओक्लाहोमा सिटीत पोलिसांचा पॉलीग्राफ घेणारा डग विल्यम्स नावाचा माणूस होता, नोकरी सोडल्यावर लोकांना मशीन फसवायला शिकवायला लागला, सरकारी नोकरीच्या टेस्टमध्ये खोटं कसं बोलायचं ते शिकवलं म्हणून २०१५ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. शिकवणाऱ्याची ही गत झाली. आणि मुख्य म्हणजे तुला त्याची गरज काय? मेल गेल्यावर तुझ्याकडे लपवायला उरतंच काय?

खरी परीक्षा शेवटी असते, मशीन काढल्यावर, आणि त्याबद्दल मुलं आपसात फार कमी बोलतात. एक्झॅमिनर खुर्ची जवळ ओढून घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, मला ड्रग्जच्या प्रश्नावर थोडं काहीतरी दिसतंय, तुला काही आठवतंय का? हे सगळ्यांना विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर गोंधळू नकोस. खरंच काही आठवलं तर सांग. नसेल काही तर काही नाही म्हण, आणि तेच परत विचारलं तर तेच परत सांग, त्याच शब्दांत. आपल्याला लहानपणापासून मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही असं शिकवलेलं असतं, समोरचा वडीलधारा माणूस आशेने बघतोय म्हटलं की काहीतरी द्यावं असं वाटतं, आणि मग मुली असेल बहुतेक, कदाचित घेतलं असेल असलं काहीतरी बोलून जातात जे घडलेलंच नाही. ते लिहून घेतलं जातं बरं का. न केलेल्या गोष्टीची कबुली कुणालाच देऊ नकोस, तो माणूस कितीही चांगला वाटला तरी.

इतकं करून फेल झालीस तर? होऊ शकतं. अमेरिकेच्या सीमेवर पहारा देणारं बॉर्डर पेट्रोल ज्यांच्याकडे येतं त्या कस्टम्स खात्यात २०१० च्या कायद्याने पोलिसी कामाच्या जागांसाठी पॉलीग्राफ लागते, आणि २०१७ साली बातमी आली होती की तिथे तीनातले जवळपास दोन जण नापास होतात. त्यातल्या काहींनी त्या खोलीत खरोखर गंभीर गोष्टी कबूल केल्या हेही खरं, पण बाकीचे सगळे खोटारडे होते असं मी मानायला तयार नाही. आमच्या सेंटरला एक मुलगी होती, एका शहरात नापास झाली, फॉर्मवर ते प्रामाणिकपणे लिहून दुसऱ्या शहरात अर्ज केला, तिथे पास झाली, आता सार्जंट आहे. तेव्हा इन्कन्क्लुसिव्ह किंवा फेल आलं तर रिटेस्ट मिळते का हे लेखी विचार, कारण विचार, कुणाशी वाद घालू नकोस, आणि दुसऱ्या खात्यांच्या तारखा बघायला लाग. तुझ्यासमोर सिएटलजवळच्या बुरियनच्या पोलिस ट्रेनिंग अकॅडमीचे ७२० तास आहेत, तिथे यापेक्षा कितीतरी अवघड प्रसंग येतील.

आदल्या दिवसाचं थोडक्यात. नेहमीसारखं झोप, नेहमीसारखं खा, चहा-कॉफी रोज घेतेस तेवढीच घे, मुद्दाम बंदही नको आणि चार कपही नकोत. काही औषध चालू असेल तर डॉक्टरला न विचारता सोडायचं नाही, एक्झॅमिनरने विचारलं तर काय घेतेस ते सांगायचं. तीन तास मोकळे ठेव, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नकोस. इंटरनेटवरचे व्हिडिओ आजपासून बंद, ते बघून तुझ्या डोक्यात प्रत्येक प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न तयार होईल.

आणि आई. सांग. टेस्टच्या आधी सांग, आणि यात माझं मत पक्कं आहे. बॅकग्राउंड इन्व्हेस्टिगेटर फक्त कागद बघत नाही, तो रूममेटला फोन करतो, आधीच्या मालकाला करतो, शेजाऱ्यांकडे जातो, घरीही येऊ शकतो. ज्या काकांच्या दुकानात तू काम केलंस ते बाबांचे ओळखीचे, आणि एखाद्या संध्याकाळी गणपतीच्या कार्यक्रमात ते बाबांना म्हणाले की अरे तुझ्या मुलीबद्दल पोलिसांचा फोन आला होता, असं विचारत होते, तर आईबाबांना ते चारचौघांत कळणार. त्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. काकांकडेही स्वतः जा, किती असतील ते पैसे पुढे कर आणि सॉरी म्हण. ते बहुतेक घेणार नाहीत, तरी पुढे कर.

आईला एकटीला आधी सांग, बाबांना नंतर दोघी मिळून सांगा. रात्री जेवणं झाल्यावर, ती ओटा आवरत असते ना तेव्हा तिच्या शेजारी उभी राहा आणि एखादं भांडं पुसायला घे, समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा असं बोलणं सोपं जातं. वीडचं आधी सांग, ग्रोसरीचं नंतर, आणि फॉर्ममध्ये कमी लिहिलं होतं पण आता मेल केलाय हे शेवटी. ती रागावेल, रडेलही कदाचित, आमच्या पिढीला या गोष्टीची फार भीती वाटते गं, आम्ही ते फक्त वाया गेलेल्या मुलांच्या गोष्टीत ऐकलंय. तू तेव्हा स्वतःची बाजू मांडत बसू नकोस, तिला बोलू दे. आणि टेस्टच्या दिवशी ती दही-साखर हातावर ठेवेल ती घे, बांगड्या घालत असशील तर त्या मात्र घरीच ठेवून जा.

मेल केलास की मला कळव.

तुझी मावशी